उचललेला भंडारा

धुळाने ताटलीतली हळद चिमटीत धरली, नाकाशी नेली आणि पुन्हा ताटलीत सोडली.

"ही स्वैपाकातली हाय," तो म्हणाला.

ऋतुजा कॅमेऱ्याशेजारून उठून बापाजवळ गेली. सकाळपासून सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. एवढा एक शॉट झाला की वस्तीवरचं शूटिंग संपणार होतं, आणि उन्हं कलायच्या आत तो उरकायला हवा होता. तिने आबांना समजावलं, की पडद्यावर हळद काय आणि भंडारा काय, दोन्ही पिवळेच. सोलापुरात बसून बघणाऱ्याला काही कळत नाही. धुळाने सगळं ऐकून घेतलं. मग मान वळवून बिरोबाकडे पाहिलं. वस्तीवरचा बिरोबा म्हणजे काही मोठं देऊळ नव्हतं. लिंबाखाली दगडी कट्टा, कट्ट्यावर भंडाऱ्याने माखलेला तांदळा, म्हणजे देवाचा गोल दगड, आणि वर एक पत्रा. त्या कट्ट्यासमोरच कॅमेरा उभा केला होता.

"तितल्या मानसाला न्हाय कळायचं," धुळा म्हणाला. "पर ह्यो तर हितंच बसलाय की."

कॅमेऱ्यामागे वाकलेली काव्या हसली. ती ऋतुजाची वर्गमैत्रीण, जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये वाढलेली. असलं काही कानावर पडलं की तिला फार गोड वाटायचं. धुळाने कमरेची पिशवी सोडली, ताटलीतली हळद झटकून टाकली आणि तिच्यात देवाचा भंडारा ओतला. स्क्रीनवर त्याचा रंग असा काही उतरला की ऋतुजा मनातून हरखली. थांबायचं असतं तर तिने तेव्हाच थांबायला हवं होतं. पण तिला उन्हाची काळजी होती, दुसरी कसलीच नव्हती.

ऋतुजा सोलापूरला विद्यापीठात चित्रपट आणि दूरचित्रवाणी शिकत होती. दुसरं आणि शेवटचं वर्ष. सांगोल्याच्या पलीकडच्या त्या धनगरवस्तीवरून विद्यापीठात गेलेली ती पहिलीच, आणि गेली तीही अशा विषयासाठी की घरच्यांना तो कुणाला सांगताही येईना. आई सांगायची, पोरगी टीव्हीचं शिकतीया. मग लोक आपला बंद पडलेला टीव्ही घेऊन यायचे आणि ऋतुजा सुट्टीला कधी येणार ते विचारायचे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने पंधरा मिनिटांची एक फिल्म करायची असते. ऋतुजाची गोष्ट साधी होती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेला एक धनगर एके दिवशी मेंढरं सोडायचं ठरवतो. तिचे मार्गदर्शक मडिवाळप्पा सर म्हणाले, सगळं छान आहे, पण शेवट पोचत नाही. माणूस ठरवतो म्हणतेस, ते प्रेक्षकाला दिसणार कसं? तुमच्यात माणसाला कायमचा, मागे फिरता येणार नाही असा निर्णय घ्यायचा असेल तर तो काय करतो? ऋतुजाने सांगून टाकलं. आमच्यात बिरोबाचा भंडारा उचलतात. भंडारा उचलून बोललेला शब्द परत घेता येत नाही. सर खुर्चीतून उठलेच. हाच शेवट, म्हणाले. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता; आपल्याजवळ दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काहीतरी आहे, असं तिला दोन वर्षांत पहिल्यांदाच वाटलं. त्या आनंदात ती एक गोष्ट विसरली. वस्तीवर कुणी भंडारा उचललेला तिने उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि त्या दिवशी घरात कुणी जेवलं नव्हतं.

मेंढपाळाच्या कामाला आधी शहरातला एक हौशी नट ठरला होता. त्याला पटका बांधता येईना, आणि काठी तो मिटलेली छत्री धरावी तशी धरायचा. शेवटी काव्याच म्हणाली, अगं, घरात खरा माणूस असताना शोधतेयस काय? धुळाला फारसं विनवावं लागलं नाही. लेकीचं काम म्हटल्यावर तो नवा पटका काढून तयार झाला. दोन दिवस तो सांगतील तिथून चालला, सांगतील तिथे बसला. कॅमेऱ्यात बघू नका म्हटलं की बघायचा नाही. फक्त जरा लाजायचा, आणि शॉट संपला की बायकोकडे बघून उगाच मिशीवर हात फिरवायचा.

आता तो ताटली घेऊन देवासमोर उभा होता.

"काय म्हनायचं?" त्याने विचारलं.

ऋतुजाने वाक्य सांगितलं. त्याने ते मनातल्या मनात घोळवलं.

"असंच म्हनायचं?"

"असंच, आबा. भंडारा उचलायचा, देवाकडं बघायचं आन् म्हनायचं."

"दुसरं कायतरी म्हनलं तर?"

"गोष्टीत तेच हाय की," ऋतुजा म्हणाली, आणि तिने वर उन्हाकडे पाहिलं.

धुळाने पायतान काढून बाजूला ठेवलं. ते काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काव्याने कॅमेरा सुरू केला, ऋतुजाने ॲक्शन म्हटलं, आणि त्याने ओंजळीत भंडारा उचलला. बराच वेळ तो बोललाच नाही. वाक्य विसरला की काय असं ऋतुजाला वाटलं. मग तो म्हणाला, "आजपासनं मी मेंढराच्या मागं जानार न्हाय." आवाज काही मोठा नव्हता. बाजूला दगडावर बसलेल्या अंबुबाईने, तिच्या आईने, पदर तोंडाला लावला.

ऋतुजाने कट म्हटलं. धुळाने भंडारा देवावर उधळला, बोटं कपाळाला लावली. काव्या म्हणाली, काका, मस्त झालं, एक सेफ्टीसाठी अजून घेऊ या.

"येकदा उचलला की," धुळा म्हणाला, आणि पायतान घालून विहिरीकडे निघून गेला.

सामान आवरता आवरता मदतीला आलेली वर्गातली पोरं हसली. वन टेक आर्टिस्ट, कुणीतरी म्हणालं. ऋतुजाही हसली.

*

विभागाची एडिटिंगची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एसी लावला की कॉम्प्युटर बंद पडायचा आणि कॉम्प्युटर चालू ठेवला की माणसं घामाने निथळायची. तिथे बसून ऋतुजाने तो शॉट पहिल्यांदा नीट पाहिला, आणि तिला उगीच अस्वस्थ वाटलं. बाकीच्या सगळ्या शॉटमध्ये आबा थोडे लाजलेले दिसत होते. या एकाच शॉटमध्ये नव्हते.

मडिवाळप्पा सरांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. इतकं खरं नटाकडून करून घ्यायला माणसाची हयात जाते, म्हणाले. काय सांगितलंस तू त्यांना? काही नाही, फक्त वाक्य सांगितलं, असं ऋतुजा म्हणाली. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या दिवशी तिने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये चहा पाजला.

चहाचे कप हातात असतानाच आईचा फोन आला. आईने आधी जेवलीस का विचारलं. मग शेळीला दोन करडं झाल्याचं सांगितलं. मग म्हणाली, की आबा यंदा मेंढरांबरोबर निघत नाहीत.

"का? बरं न्हाय का त्यास्नी?"

"बरं हाय की. भंडारा उचललाय न्हवं."

ऋतुजाला आधी हसू फुटलं. मग आई हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं.

दरवर्षी दिवाळी झाली की धुळा आणि त्याचा थोरला भाऊ बापूसाहेब आपापली मेंढरं एकत्र करून माढा-करमाळ्याच्या अंगाला निघायचे. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत होतं, त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. पाऊसकाळ तोंडावर आला की परत फिरायचं. एवढी मेंढरं सांभाळायला तीन माणसं तरी लागतात. धुळा, बापूसाहेब आणि बापूसाहेबाची बायको, अशी ती तीन माणसं होती. गडी ठेवावा म्हटलं, तर मेंढरांमागे उघड्यावर झोपायला आता कुणाचं पोर तयार होत नाही.

"मग तिसरं कोन जानार?" ऋतुजाने विचारलं.

"बगू की," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

ऋतुजाने विभागातून कॅमेरा सही करून घेतला आणि सांगोल्याची एसटी पकडली. कॅमेरा कशाला, असं काव्याने विचारलं. लागणार आहे, एवढंच ऋतुजा म्हणाली.

*

मेंढरं चरून आली तेव्हा धुळा घरामागे, त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. दोन-चार मेंढ्या नेहमीप्रमाणे त्याच्याकडे वळल्या, एकीने त्याच्या खांद्याला नाक लावलं. त्याने हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. बापूसाहेबाने येऊन त्या हाकून नेल्या.

ऋतुजा त्याच्यापुढे बसली. येताना एसटीत तिने सगळं जुळवून ठेवलं होतं आणि ते तिने एका दमात सांगितलं. ती फिल्म आहे. त्यात नवरा-बायको नसलेले नवरा-बायको होतात, न मेलेले मरतात आणि शॉट झाला की उठून चहा पितात.

"तुमी तुमचं न्हाय बोललात आबा. गोष्टीतल्या मानसाचं बोललात."

"व्हय की. गोष्ट तुझी हाय," धुळा म्हणाला. "भंडारा द्येवाचा हाय."

तो तिच्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो समजावून सांगत होता, लहानपणी तिला नदीतलं पाणी किती खोल आहे ते सांगायचा तसा. ऋतुजाने मग तोंडी परीक्षेत वाद घालावा तसा वाद घातला. देव तिथेच होता ना? मग त्याने कॅमेरा पाहिला असेल, दिवसभर चाललेला सगळा खेळ पाहिला असेल, त्याला कळत नाही का? धुळा मान हलवत होता. कळत असंल की, म्हणाला. शेवटी तिला दुसरं काही सुचेना.

"मागं जानार न्हाय म्हनलाय तुमी. म्होरनं चाला की मग."

धुळाच्या मिशीत हसू आलं. "द्येव काय वकील हाय व्हय ग?"

तो हसला तसं तिला वाटलं, जमतंय. पण ते हसू तेवढंच होतं. तो उठला आणि करडांना पाला टाकायला गेला.

ती चुलत्याकडे गेली. बापूसाहेबाला ती नाना म्हणायची, आणि नाना मोठ्या आवाजाचा माणूस. तो तरी आबांना चार शब्द सुनावेल अशी तिला आशा होती. नाना दोर वळत बसला होता. तो म्हणाला, पहिल्या दिवशी मलाबी लई राग आला. पण मी थोरला आहे, मी धाकट्याला सांगू का, भंडारा मोड म्हणून? माढ्याकडचे शेतकरी आपल्याला ओळखीपाळखीशिवाय रानात उतरू देतात, उसाच्या कडेला शेकड्यांनी मेंढरं बसवू देतात, ते कशाच्या जोरावर? शब्दाच्याच की. हे सांगताना त्याचा आवाज अजिबात चढला नाही. मग चुलतीने तिला चहा दिला आणि ते सिनेमाचं टीव्हीवर कधी लागणार ते विचारलं.

वस्तीवर एकाही माणसाने ऋतुजाला बोल लावला नाही. वाकडं बोलणारं कुणी भेटलं असतं तर ती भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती. पण घडलेलं सगळ्यांनी पावसापाण्यासारखं मान्य करून टाकलं होतं, आणि त्यात तिची चूक शोधायला कुणाला सवडच नव्हती. तिला स्वतःलाच ती सारखी दिसत होती. 'दुसरं कायतरी म्हनलं तर,' असं त्याने विचारलं होतं. ती तेव्हा उन्हाकडे बघत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बिरोबापुढे पुन्हा कॅमेरा लावला. येताना याच्यासाठीच तो आणला होता. तिने एक नवा प्रसंग लिहिला होता: मेंढपाळ देवापुढे येतो, चुकलो म्हणतो आणि मेंढरांकडे परत जातो. कॅमेऱ्यापुढे बांधून घेतलं ते कॅमेऱ्यापुढेच सोडवायचं, असा तिचा साधा हिशेब होता. सोलापुरात तिला तो फार हुशारीचा वाटला होता. इथे लिंबाखाली उभं राहिल्यावर तितकासा वाटेना, तरी तिने आबांना बोलावलं.

धुळा आला. तिने सांगितलं, की गोष्टीचा शेवट बदललाय, सरांना हा जास्त आवडला. हे खोटं होतं.

"मागल्या येळंला बी तू गोष्टच म्हनली व्हतीस," तो म्हणाला.

ऋतुजाने कॅमेरा सुरू केला.

"काय म्हनायचं म्हनतीस आता?"

"चुकलो म्हनायचं. भंडारा खोटा उचलला म्हनायचं. येवढंच."

"खोटा उचलला म्हनू?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच तिच्याकडून कळून घ्यावं असं तो विचारत होता. "म्हंजी तवा मी खोटं बोललो, का आता खोटं बोलू? तूच सांग. तू शिकलीस."

दोन वर्षं वर्गात खरं आणि खोटं यावर ऋतुजाने तावातावाने वाद घातले होते, परीक्षेत पानंच्या पानं भरली होती. त्यातलं एकही वाक्य इथे कामाचं नव्हतं. खोटा उचलला म्हटलं, तर हा माणूस देवापुढे खोटं बोलणारा ठरत होता, आणि तसा ठरलेल्या माणसाला मेंढरं परत मिळाली असती. तो ती घेऊन कुणाच्या रानात कोणत्या तोंडाने उतरणार होता? खरा उचलला म्हटलं, तर मेंढरं गेलीच.

"तुझं काम चांगलं झालं न्हवं?" धुळाने विचारलं.

"व्हय."

"मग झालं तर."

त्याने कट्ट्यावरची लिंबाची पानं हाताने लोटून साफ केली आणि तो घराकडे गेला. ऋतुजाला रडू फुटलं. त्याच्या चांगुलपणाचा तिला भयंकर राग आला होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेलाच होता. तो बंद करायचंही तिला सुचलं नाही.

*

तिसरं माणूस कोण, हे ठरवायला कुणी बसलं नाही. संध्याकाळी ऋतुजा घरात आली तेव्हा अंबुबाई घोंगड्याला टाके घालत होती, आणि बाजूला एक पातेलं, तवा, दोन लुगडी असं सामान काढून ठेवलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी करमाळ्याजवळ सामानाच्या घोड्यावरून अंबुबाई पडली होती. कमरेच्या हाडाला मार बसला, तेव्हापासून ती वस्तीवरच राहू लागली. लग्न झाल्यापासून हिवाळ्यात तिची चूल रोज नव्या जागी, तीन दगडांवर. घरी राहिल्यावर तिने पहिल्यांदा मातीची पक्की चूल घातली, अंगणात गवती चहा आणि झेंडू लावला. आपण सकाळी उठतो तेव्हा काल झोपलो तिथेच असतो, याचं तिला इतकं नवल वाटायचं की पहिलं वर्षभर ती फोनवर ऋतुजाला तेच सांगत असे. आता ती मान खाली घालून टाके घालत होती.

ऋतुजा म्हणाली, तू नको, मी जाते. शिक्षण एक वर्ष मागे पडलं तर पडलं. अंबुबाईने सुई थांबवली नाही. मेंढरांना तुझी हाळी ठाऊक नाही, म्हणाली. आणि तुला तरी त्यातली आपली कुठली आणि नानाची कुठली, ओळखू येईल का? ऋतुजाला येणार नव्हती. शाळा, मग सांगोल्याचं वसतिगृह, मग सोलापूर; मेंढरांपासून तिला दूर ठेवायलाच तर सगळ्यांनी एवढा आटापिटा केला होता.

"कंबर दुखंल तुझी," ती म्हणाली.

"दुखतीच की हितं बी," अंबुबाई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझ्या बापाचं जेवनाचं तेवढं बग म्हनावं शेजारनीला. त्येला भाकरी येतीया, पर कालवनाला मीठ टाकायचं इसरतोय."

मडिवाळप्पा सरांचा फोन आला तो घेण्यासाठी ऋतुजाला पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावं लागलं; घरात आवाज तुटायचा, नीट रेंज तिथेच यायची. फिल्म कधी देतेस, सर विचारत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. सर भले गृहस्थ होते. म्हणाले, मला माहीत असतं तर मी असं सुचवलंच नसतं. तुला तो शॉट काढून टाकायचा असेल तर खुशाल काढ, मी परीक्षकांशी बोलेन. ऋतुजा म्हणाली, काढून काय होणार, सर?

"आई कधी निघणार आहेत?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी."

"कॅमेरा आहे ना तुझ्याकडे?"

फोन ठेवल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस असं कसं विचारू शकतो? ती टाकीच्या पायरीवर बसून राहिली. पण खरं सांगायचं तर, आई घोंगड्याला टाके घालत बसली होती तेव्हाच तिला ते दिसलं होतं. सकाळचा रस्ता, मेंढरांची धूळ, कॅमेरा जमिनीलगत आणि त्या धुळीत लंगडत दूर जाणारी आई. सरांच्या आधी तिला दिसलं होतं. सरांवर चिडायचा हक्कही तिला उरला नव्हता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

*

सकाळी घोड्यावर सामान चढलं. चुलती पुढे झाली, बापूसाहेबाने हाळी घातली तशी त्याची मेंढरं चालू लागली. धुळाची मेंढरं अडली. ती वळून घराकडे आली आणि दारापुढे गोळा झाली.

धुळा आत होता. त्याने दार लोटून घेतलं होतं. पुढची मेंढरं पत्र्याच्या दाराला डोकी घासू लागली, मागची ओरडू लागली, आणि बघता बघता सगळं अंगण त्यांनी भरून गेलं. झेंडूची रोपं पायाखाली गेली. आतून काही आवाज आला नाही. बापूसाहेबाने दोनदा हाळी घातली, काठी आपटली. मेंढरं त्याच्याकडे बघत आणि पुन्हा दाराकडे तोंड करत. ऋतुजाला वाटलं, आता दार उघडेल. तिला मनापासून वाटलं. तिने मनात बिरोबाला हातसुद्धा जोडले. दार उघडलं नाही.

मग अंबुबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि हाळी घातली. तीन वर्षांत न काढलेला आवाज पहिल्यांदा घशातच फाटला. ती खाकरली. दुसऱ्यांदा घातलेली हाळी लांब गेली, आणि एका म्हाताऱ्या मेंढीने मान वळवली. तिच्यामागे दुसरी वळली. हळूहळू दारापुढची गर्दी सुटली आणि मेंढरं रस्त्याला लागली. लोटलेल्या दाराकडे अंबुबाईने एकदा पाहिलं. मग डाव्या पायावर जोर न देता, काठी टेकत ती निघाली.

ऋतुजाने रात्री ठरवलं होतं, की कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. तरी तो तिच्या हातात होता. तो कधी काढला, कधी सुरू केला, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि समोरून आई चालत येत होती. ऋतुजाने कॅमेरा खाली केला, पदराआड लपवावं तसा ओढणीत धरला, आणि आईला वाट द्यायला बाजूला सरली.

अंबुबाई तिच्याजवळ येऊन थांबली. मेंढरं पुढे चालली होती, थांबायला वेळ नव्हता. तिने लेकीच्या गालाला हात लावला, मग ओढणीतून दिसणाऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"घे की," ती म्हणाली. "चालती तशी घे. फकस्त मला काय बोलाय लावू नगंस."